कोयनेच्या भेगा आणि अंतराळातलं स्थानक

११ डिसेंबर १९६७. पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटं.

कोयनानगर गाढ झोपेत होतं आणि जमीन हलली. रिश्टरवर ६.३, काही नोंदींत ६.५. पावणेदोनशेहून जास्त माणसं गेली, दीड हजारांवर जखमी झाली, कोयनानगरातली बहुतेक घरं राहण्यालायक उरली नाहीत. इथून हवाई अंतर जेमतेम नव्वद किलोमीटर. कोल्हापुरात भांडी पडली, माणसं रस्त्यावर आली. मुंबई-पुण्यापर्यंत धक्का जाणवला. घरात सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल तर विचारून बघा, त्या पहाटेची आठवण नक्की निघेल.

त्या सकाळी सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न होता: धरण राहिलं का? पानशेत फुटून तेव्हा सहाच वर्षं झाली होती. कोयनेचं पाणी कराडला कृष्णेत येतं, तिथून सांगली आणि मग आपलं नरसोबावाडी-शिरोळ. नुसता विसर्ग वाढला तरी काय होतं ते आपण २०१९ ला आणि २०२१ ला बघितलंय. धरणच गेलं असतं तर काय झालं असतं याचा विचार न केलेला बरा.

धरण गेलं नाही. पण त्याला भेगा पडल्या. आज लिहायचंय ते त्या भेगांबद्दल. आणि, वाचून नवल वाटेल, अंतराळ स्थानकाबद्दलही.

मी व्हायब्रेशन हा विषय शिकवतो. गेल्या वर्षी शुभांशू शुक्ला अंतराळ स्थानकावर जाऊन आले, २०३५ पर्यंत भारताचं स्वतःचं स्थानक होणार अशा बातम्या आल्या, तेव्हापासून ॲडमिशनच्या सीझनला एक प्रश्न हमखास येतो. 'सर, पोराला स्पेसमध्ये काम करायचंय, पण मिळालंय सिव्हिल. संपलं का आता?' कुणाला मेकॅनिकल मिळालेलं असतं, प्रश्न तोच. तोंडी उत्तर देऊन कंटाळलो, म्हणून हा लेख. थोडा लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी १९६७ च्या आधीचं चित्र बघू.

दख्खनचं पठार म्हणजे कातळ, इथं मोठा भूकंप होत नाही, असा तेव्हाचा पक्का समज. कोयना धरण बांधताना भूकंपाचा हिशोब धरलाच नव्हता असं मात्र नाही. धरला होता, तेव्हाच्या रीतीप्रमाणे. ती रीत अशी: धरणाच्या वजनाच्या ५ टक्के एवढं बल आडवं लावायचं आणि धरण टिकतं का ते बघायचं. म्हणजे भूकंप काय, तर कुणीतरी बाजूने एकदा ढकललं आणि तसंच दाबून धरलं. या हिशोबात धरण स्थिर उभं असतं. हलत नाही, डोलत नाही.

आता नशीब म्हणा किंवा कुणाची तरी दूरदृष्टी म्हणा. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जलाशय भरायला लागला तसे परिसरात बारीक धक्के जाणवू लागले होते, म्हणून तिथं भूकंपमापक यंत्रं बसवली गेली. धरणाच्या आतल्या गॅलरीत, ब्लॉक १-अ मध्ये, जोरदार हादरे मोजणारं यंत्र होतं. ११ डिसेंबरच्या पहाटे ते चालू झालं आणि त्याने सगळं लिहून ठेवलं. मोठ्या भूकंपाची धरणातच आणि एवढ्या जवळून झालेली नोंद त्या काळी जगात दुर्मीळ होती.

नोंद काय सांगते? नदीच्या दिशेने जमिनीचा झटका गुरुत्वाकर्षणाच्या ४९ टक्के. धरणाच्या लांबीच्या दिशेने ६३ टक्के. उभ्या दिशेने ३४ टक्के. हिशोबात धरले होते ५ टक्के.

जवळजवळ दहापट! मग धरण उभं कसं राहिलं? आणि भेगा पडल्याच तर त्या पायाशी न पडता वर का पडल्या?

कारण त्या भेगा भलत्याच जागी होत्या. सगळ्यात उंच भागात धरण पायापासून १०३ मीटर आहे. भेगा आल्या साधारण ६६ मीटर उंचीच्या आसपास, जिथं धरणाच्या मागच्या अंगाचा उतार एकदम बदलतो. खाली रुंद पसरलेला भाग, वर एकदम बारीक झालेला. माणसाच्या अंगावर सांगायचं तर मानेशी. जुन्या हिशोबाप्रमाणे त्या जागी काळजी करण्यासारखं काहीच नव्हतं.

हे समजायला भूकंपशास्त्र लागत नाही, नागपंचमीचा झोका पुरेसा आहे. झोक्याला स्वतःचा एक ताल असतो. त्या तालावर हलका हात लावत राहिलात तरी झोका फांदीला जाऊन भिडतो. ताल सोडून कितीही जोरात ढकला, झोका नीट चढतच नाही. किंवा आपली जुनी मोटरसायकल आठवा. साठच्या स्पीडला सगळी थरथरते, सत्तरला गेली की गप्प. इंजिन तेच, गाडी तीच. साठला इंजिनाचा ताल गाडीच्या एखाद्या भागाच्या तालाशी जुळतो, एवढंच.

काँक्रीटच्या धरणालाही असा ताल असतो. कोयनेच्या उंच भागाचा ताल सेकंदाला सुमारे तीन हेलकावे. भूकंपाच्या हादऱ्यात सगळ्या प्रकारचे ताल मिसळलेले असतात. त्यातला जो आपला, तो धरणाने उचलला. पाया जमिनीबरोबर हलला आणि वरचा भाग चाबकाच्या टोकासारखा त्याच्याहून जास्त. वरचं वजन झटक्यात मागेपुढे होताना सगळा ताण जमा झाला त्या मानेशी. काँक्रीट दाब भरपूर सोसतं, ओढ सोसत नाही. तिथं ते फाटलं.

हे नुसतं अंदाजाने सांगितलेलं नाही. रुरकीचे जय कृष्ण आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये त्या नोंदीचं विश्लेषण प्रसिद्ध केलं. १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात अनिल चोप्रा आणि पी. चक्रबर्ती यांनी ती नोंद घेऊन कोयनेचं गणित पहिल्यापासून मांडलं. चोप्रा बनारसला शिकून तिकडे गेलेले. धरण हलतं असं धरून हिशोब केला तेव्हा नेमक्या त्याच उंचीवर ओढ काँक्रीटच्या ताकदीच्या दुप्पट-तिप्पट निघाली. कागदावरचं गणित आणि धरणावरची भेग एकाच जागी आली. धरणाला बळानं ढकललेल्या दगडासारखं न बघता हलणाऱ्या वस्तूसारखं बघायला हवं, हे त्यानंतर कुणाला वेगळं पटवून द्यावं लागलं नाही. हेच चोप्रा पुढे या विषयावरच्या अशा पाठ्यपुस्तकाचे लेखक झाले, जे जगभर शिकवलं जातं.

आता इथून अंतराळात जाऊ. उडी मोठी वाटेल, पण वाट सरळ आहे.

कोयनेचं गणित ज्या पद्धतीने सुटलं तिचं नाव फायनाइट एलिमेंट. मोठी वस्तू छोट्या छोट्या तुकड्यांत विभागायची, प्रत्येक तुकड्याचं सोपं गणित मांडायचं आणि संगणकाकडून सगळी जुळवून घ्यायची. ही पद्धत आली कुठून? विमानाच्या पंखातून. बोइंग कंपनीत पंखाचा कडकपणा काढण्यासाठी जे काम झालं ते १९५६ साली प्रसिद्ध झालं. त्यातले एक लेखक रे क्लफ, बर्कलीचे सिव्हिलचे प्राध्यापक. १९६० मध्ये या पद्धतीला नाव त्यांनीच दिलं, आणि सुरुवातीला जिथं ती वापरली त्यात अमेरिकेतलं एक भेग पडलेलं काँक्रीटचं धरण होतं. अनिल चोप्रा बर्कलीत शिकले ते याच क्लफ यांच्या हाताखाली. त्याच १९६० च्या दशकात नासाने रॉकेट आणि यानांसाठी याच पद्धतीचं सॉफ्टवेअर तयार करून घेतलं, नॅस्ट्रॅन. त्याच्या आवृत्त्या आजही वापरात आहेत.

म्हणजे विमानाच्या पंखाचं गणित धरणाला लागलं आणि यानालाही. समीकरण एकच: वस्तुमान, कडकपणा, आणि हलणं हळूहळू शमवणारा गुण. सिव्हिलवाला ते भूकंपाच्या नावाने शिकतो, मेकॅनिकलवाला व्हायब्रेशनच्या नावाने, एरोस्पेसवाला स्ट्रक्चरल डायनॅमिक्सच्या नावाने.

आणि कोयनेसारखेच धडे तिकडेही ठेचा खाऊनच मिळाले.

१९५८ मध्ये अमेरिकेचा पहिला उपग्रह एक्सप्लोरर-१ गेला. पेन्सिलीसारखा लांबट, स्वतःच्या लांब अक्षाभोवती फिरत राहील असा. त्याला चार लवचिक ॲन्टेना होत्या. त्या वळवळत राहिल्या, त्यात ऊर्जा खर्च झाली आणि उपग्रह लवकरच आडवा होऊन कोलांट्या खायला लागला. चार बारीक तारांनी अख्ख्या उपग्रहाची चाल बदलली.

कोयनेनंतर चारच महिन्यांनी, ४ एप्रिल १९६८ ला, अपोलो-६ चं उड्डाण झालं, माणसाविना. सॅटर्न-५ रॉकेट वर जाताना जोरात उभं थरथरायला लागलं. सेकंदाला सुमारे पाच वेळा. रॉकेटच्या सांगाड्याचा ताल आणि इंधनाच्या पाइपातल्या दाबाचा ताल एकमेकांना खतपाणी घालत होते. उपाय काय केला? ऑक्सिजनच्या मार्गात हेलियम वायूची गादी दिली, दाबाचा ताल बदलला. जिवावरचं दुखणं वायूच्या फुग्यावर निभावलं!

१९९० मध्ये हबल दुर्बीण गेली. पृथ्वीच्या सावलीतून उन्हात येताना तिची सौर पॅनेलं तापून लचकायची आणि अख्खी दुर्बीण थरथरायची. १९९३ मध्ये अंतराळवीरांनी जाऊन पॅनेलं बदलली.

आणि १४ जानेवारी २००९. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक, आत माणसं. कक्षा थोडी उंचावण्यासाठी रशियन भागाची इंजिनं चालवली. नियंत्रण यंत्रणेत भरलेली काही मूल्यं चुकीची होती. इंजिनं अशा तालात इकडेतिकडे वळत राहिली की तो स्थानकाच्या स्वतःच्या तालाशी जुळला. २ मिनिटं २२ सेकंद स्थानक डोलत होतं. काही तुटलं नाही. पण त्या हेलकाव्यांनी सांध्यांचं आयुष्य किती खाल्लं याचा हिशोब इंजिनिअरांना नंतर बसून करावा लागला.

आकार बघा जरा. कोयना धरण १०३ मीटर उंच. सॅटर्न-५ सुमारे ११० मीटर. अंतराळ स्थानक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १०९ मीटर. तिन्ही शंभराच्या घरात. फरक तालात. धरण सेकंदाला तीनदा डोलतं, तर स्थानकाच्या लांबलचक सौर पॅनेलांचा एक हेलकावा पुरा व्हायला कित्येक सेकंद लागतात. आणि वर हवा नाही, त्यामुळे एकदा हललेली वस्तू लवकर शांत होत नाही.

मग या कामावरचा इंजिनिअर दिवसभर करतो काय? यान येऊन स्थानकाला जोडलं जातं तेव्हा बसणारा धक्का कुठून कुठे जाईल ते काढतो. रॉकेटमधून वर जाताना नवीन मॉड्यूल किती हादरेल, त्यातला कुठला कंस तुटेल ते बघतो. जमिनीवर मॉड्यूल थरथरवून चाचणी घेतो आणि आपलं गणित तिच्याशी जुळतं का ते तपासतो, नाही जुळलं तर गणित दुरुस्त करतो. आणि आतली माणसं व्यायाम करतात त्याचाही हिशोब ठेवतो! सुनीता विल्यम्स यांनी १६ एप्रिल २००७ ला स्थानकावरच्या ट्रेडमिलवर बॉस्टन मॅरेथॉनचं अंतर पळून काढलं, ४ तास २४ मिनिटं. तो ट्रेडमिल जमिनीला बोल्ट मारून बसवलेला नव्हता. कंपन बाहेर जाऊ नये म्हणून तो वेगळ्या यंत्रणेवर तोलून धरलेला होता. उद्यमनगरात इंजिनाखाली रबराचा पॅड देणाऱ्या मिस्त्रीला हे एका वाक्यात कळेल.

या कामातली सगळ्यात मोठी अडचण मात्र धरणवाल्याची आणि स्थानकवाल्याची अगदी एकच आहे. पूर्ण वस्तूची चाचणी आधी घेता येत नाही. धरण काही टेबलावर ठेवून हलवता येत नाही. अंतराळ स्थानक तुकड्या-तुकड्यांनी वर जातं, ते पूर्ण जोडलेलं पहिल्यांदा दिसतं ते थेट कक्षेतच. म्हणून गणितावर विश्वास ठेवावा लागतो, आणि गणित बरोबर की चूक हे कळायला प्रत्यक्ष वस्तूवर बसवलेल्या यंत्राची नोंद लागते. कोयनेत ते काम ब्लॉक १-अ मधल्या यंत्राने केलं. स्थानकावर नासाची 'सॅम्स' नावाची यंत्रणा बारीकसारीक कंपनं टिपत असते आणि त्या नोंदी अभ्यासकांना उपलब्ध असतात.

इथं मला आजच्या काळातली काळजी दिसते.

आंतरराष्ट्रीय स्थानक २०३० च्या सुमारास निवृत्त करायचं ठरलंय. त्यानंतर अमेरिकेची भिस्त खासगी स्थानकांवर. ॲक्सिअम, स्टारलॅब, ऑर्बिटल रीफ, वास्ट कंपनीचं हेवन-१, अशी नावं रांगेत आहेत. शुक्ला गेले ते ॲक्सिअमच्याच मोहिमेतून, २५ जून २०२५ ला निघून १५ जुलैला परतले. ही स्थानकं गिऱ्हाइकाला काय विकणार? औषधांचे स्फटिक वाढवायला, नवे पदार्थ बनवायला लागणारी शांत, न थरथरणारी जागा. म्हणजे कंपन हा आता धंद्याचा आकडा झाला. मग एखाद्या स्थानकाने चुकून हेलकावा खाल्ला तर त्याची नोंद कंपनी उघड करेल का, की गिऱ्हाईक जाईल म्हणून कपाटात ठेवेल?

कोयनेचं धरण सरकारी होतं. त्याला भेगा पडल्या ही काही मिरवायची गोष्ट नव्हती. तरीही नोंद बाहेर आली, रुरकीला गेली, बर्कलीला गेली, आणि जगभरचे धरणवाले त्यावर शिकले. १९७० मध्ये आपल्या भूकंपविषयक मानकात, आयएस १८९३ मध्ये, बदल झाला आणि कोयना परिसर वरच्या झोनमध्ये गेला. धरणाच्या त्या भागाला मागून काँक्रीटचा आधार देऊन १९७३ पर्यंत मजबुती आली, सांडव्याच्या भागाची मजबुती २००६ ला झाली. आजही अबॅकस नावाच्या मोठ्या सॉफ्टवेअरच्या (पोरांच्या अबॅकस क्लासशी संबंध नाही) माहितीपुस्तिकेत नमुना उदाहरण म्हणून कोयना धरण आहे. जपानमधला किंवा ब्राझीलमधला विद्यार्थी काँक्रीटची भेग कशी वाढते हे शिकायला कोयनेची ती पहाट संगणकावर पुन्हा चालवतो. आपल्या शेजारच्या खोऱ्यातली.

एक गोष्ट विसरायची नाही. या ज्ञानाची किंमत कोयनानगरात गेलेल्या माणसांनी मोजली, आणि धरणासाठी गावं सोडलेल्यांनी त्याच्याही आधी मोजली. त्यांच्या पुनर्वसनाची मागणी पुढे कित्येक दशकं चालू राहिली. त्या पहाटे माणसं मेली ती धरणाने नाही, घरं अंगावर पडून. धरणाचं गणित जगभर सुधारलं. दगड-मातीच्या घराचं गणित आपण किती सुधारलं, हा प्रश्न आपल्या पंचायतींना आणि महापालिकेला विचारायचा आहे. १९९३ पासून वारणेच्या जलाशयाजवळही धक्के बसू लागलेत. तो जलाशय तर आपल्या जिल्ह्याच्या वेशीवरच आहे.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे.

भारताच्या स्थानकाच्या पहिल्या मॉड्यूलला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. १६ जानेवारी २०२५ ला इस्रोने कक्षेत दोन यानं एकमेकांना जोडून दाखवली. स्थानक उभं राहील ते लोकांच्या पैशातून. त्यावर कंपनं मोजणारी यंत्रं असावीत आणि त्यांच्या नोंदी आपल्या कॉलेजांतल्या पोरांना वापरायला मिळाव्यात, ही मागणी आत्ताच करायला हवी. स्थानक वर गेल्यावर करून उपयोग नाही. तेच धरणांचं. राधानगरी, काळम्मावाडी, तुळशी, वारणा. कुठल्या धरणात हादरे मोजणारं यंत्र आहे, ते चालू आहे का, नोंद कुणाला बघता येते, हे जिल्ह्यातल्या माणसाला सहज कळायला हवं.

आणि ज्यांच्या पोराला सिव्हिल मिळालंय त्यांनी निर्धास्त राहा. त्याला सांगा, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी डायनॅमिक्स मन लावून कर, गणित सोडू नकोस, आणि कोयनेची नोंद घेऊन धरणाचा ताल स्वतः काढून बघ. लॅपटॉपवर होतं ते काम. सेकंदाला तीनच्या आसपास उत्तर आलं की समजायचं, पोरगं वाटेला लागलं. पुढे तो धरणावर जाईल, पुलावर जाईल, की अंतराळ स्थानकाच्या टीममध्ये, ते त्याचं त्याला ठरवू दे.

इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांना एक विनंती. कोयनेला सहल काढताना नेहरू उद्यानात फोटो काढून परत येऊ नका. रीतसर परवानगी मागा आणि पोरांना धरणाची ती मान दाखवा, जिथं १९६७ ला भेग पडली होती.